उबेचा इतिहास

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या भंडाऱ्याकडे धानाचे बांधे पिवळे पडलेले असतात, तलावांवर धुके उतरलेले असते, आणि घराघरांतून चुलीवर पाण्याचे गुंड चढलेले असतात. पितळेसाठी नाव कमावलेला हा जिल्हा. त्यामुळे गरिबाच्या घरीही निदान एखादे जुने गंगाळ असतेच. तेल लावून, उटणे चोळून, कढत पाण्याने न्हाणे हा दिवाळीचा पहिला आनंद. ज्या घरात त्या वर्षी बाळ जन्मलेले असते त्या घरात तर त्या न्हाणीचे कौतुक काय सांगावे! आजी पाय लांब करून बसते, पोटऱ्यांवर बाळ पालथे घालते, पाण्यात कोपर बुडवून ऊन पाहते आणि मग बाळाच्या रडण्यासकट तो सोहळा पार पडतो.

या सोहळ्याकडे मात्र गेली वीस-बावीस वर्षे मला सरळ मनाने पाहता येत नाही. का, ते पुढे सांगते. दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण हा अंक घरातली सगळी माणसे आळीपाळीने वाचतात. सुनाही वाचतात आणि सासवाही. तेव्हा बाळाच्या उबेचा इतिहास सांगायला याहून चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकले, बालवाडीत मुलांना शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. परंतु या एका विषयावर मिळेल ते वाचत आले आहे, आणि जे खात्रीचे वाटले तेवढेच येथे लिहीत आहे.

माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले. लाखांदूर तालुक्यात चुलबंदच्या अंगाला आमचे गाव. साल २००२, पौष महिना. दिवस भरायला अजून पाच आठवडे होते. पण पहाटे कळा सुरू झाल्या आणि गाडीघोड्याची व्यवस्था होण्याआधीच मुलगी झाली. माझी आजी, म्हणजे आईची आई, पंचक्रोशीत सुईण म्हणून नावाजलेली. तिच्या हातावर किती मुले जन्मली असतील याचा हिशेब तिलाही नव्हता. मुलगी रडली. आजीने नाळ कापली, ऊन पाणी घेतले आणि बाळाला न्हाऊ घातले. बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर होता, तो डाळीच्या पिठाने चोळून काढला. मग जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यात गुंडाळून माझ्याशेजारी न ठेवता सुपात निजवले, कारण मी अजून विटाळशी होते आणि माझी न्हाणी व्हायची होती. दाराच्या फटीतून वारा येत होता. कोणाचेच काही चुकले असे त्या क्षणी कोणाला वाटले नाही. सगळे रीतीप्रमाणे चालले होते.

सूर्य कासराभर वर आला तोवर बाळ गप्प झाले. आम्हाला वाटले, शहाणे आहे, निजले. दुपारी दूध ओढेना. पाय हाताला गार लागले. पोट मात्र अजून कोमट होते. आजी शेगडी घेऊन आली. संध्याकाळपर्यंत पोटही गार झाले. बाबांनी जीप आणली. वाटेतल्या एका दवाखान्यात बाळाचे धडपे सोडून त्याला वजनाच्या उघड्या पत्र्यावर ठेवले. सोळाशे ग्रॅम भरले. ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ असे सांगून चिठ्ठी दिली. पुढच्या प्रवासात आजीने बाळ माझ्याकडून घेतले आणि ती जीपच्या मागच्या बाजूला तोंड फिरवून बसली. मोठा दवाखाना आला तेव्हा सांगण्यासारखे काही उरले नव्हते. कागदावर लिहिले गेले: ‘अपुऱ्या दिवसांचे, अशक्त.’

थंडी हा शब्द त्या कागदावर नव्हता. तो मला पुढे पुस्तकांत सापडला. आणि सापडल्यावर मी मनातल्या मनात आजीवर खटला भरला. तिला कधी बोलले नाही. पण तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा त्याच्या अंगाला मी तिला पाणी लावू दिले नाही. ती समजली. दारात बसून राहिली आणि ‘बरं हाय वं बाई, दवाखान्याचे लोकं सांगतेत तसं कर’ एवढेच म्हणाली. २०११ साली ती गेली.

असो. आता इतिहासाकडे वळते.

नुकते जन्मलेले मूल गार का पडते, हे समजायला मोठी विद्या लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. भाताचे पातेले चुलीवरून उतरवले तर तासाभराने उघडले तरी वाफ येते. त्याच भाताची एक मूद ताटात वाढली तर पोराला हाक मारून यायच्या आत निवते. वस्तू जितकी लहान, तितके तिचे अंग तिच्या आकाराच्या मानाने अधिक उघडे. सोळाशे ग्रॅमचे मूल ही अशी मूद आहे. त्यातून ते ओले. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते माठ पाझरतो म्हणून. पाणी वाफ होऊन जाताना ऊब घेऊन जाते. ओल्या अंगाच्या बाळाचा तसाच माठ होतो. वाऱ्याची झुळूक, थंड पत्रा, जवळची गार भिंत हे बाकीचे चोर. भिंतीला बाळ टेकलेले नसले तरी ती त्याची ऊब ओढून घेते, हे वाचून मला प्रथम नवल वाटले होते. पण थंडीच्या दिवसांत दगडी देवळात शिरल्यावर अंगाला जे जाणवते तेच हे.

आपण गारठलो की कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्याने अंगात ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. निसर्गाने त्याच्या मानेभोवती, खांद्यांच्या मधोमध, मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी रंगाची चरबी दिलेली असते. ती जाळून ते ऊब करते, आणि ती जाळण्यासाठी त्याला प्राणवायू लागतो, साखर लागते. ही चरबी साठते आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत. म्हणजे जे मूल लवकर जन्मले त्याचे सरपणच घरात आलेले नाही! मग रक्तातली साखर उतरते, रक्त आम्ल होऊ लागते, श्वास अडखळतो, दूध ओढण्याची ताकद जाते. दूध गेले नाही की साखर आणखी उतरते. जंतूंशी झगडण्याचे बळही याच पडझडीत जाते. वरून पाहणाऱ्याला मात्र बाळ शांत निजलेले दिसते. गार पडणारे मूल आरडाओरडा करीत नाही, हीच त्यातली भयंकर गोष्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६ च्या खाली गेले की ते मध्यम गारठणे, ३२ च्या खाली गेले की अतिगंभीर. अमेरिकेतल्या दवाखान्यांत अत्यंत कमी वजनाच्या मुलांची २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. दाखल होतेवेळी मूल जितके अंश थंड, तितकी त्याच्या मृत्यूची शक्यता दर अंशामागे २८ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. ही काचेच्या, गरम केलेल्या दवाखान्यांतली गोष्ट. आमच्या पौषातल्या जीपची नव्हे.

माणसाला हे ज्ञान केव्हा झाले? अंधुक रीतीने फार पूर्वी झाले असले पाहिजे. अपुऱ्या दिवसांचे मूल कापसात गुंडाळण्याची, शेगडीजवळ ठेवण्याची रीत पुष्कळ देशांत होती. आपल्याकडे ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ असे म्हाताऱ्या सांगतात. ही समजूत केवळ आपली असेल असे मला वाटे. पण ती प्राचीन ग्रीकांचीही होती, हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलांवर स्वतंत्र प्रकरण आहे! समजूत अर्थातच खोटी. आठ महिन्यांचे मूल सात महिन्यांच्या मुलापेक्षा केव्हाही अधिक तग धरते. मात्र या समजुतीपायी किती आठमाशी मुले ‘हे काही राहायचे नाही’ म्हणून नुसती बघत सोडून दिली गेली असतील, कोण जाणे.

यंत्राचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. १८५७ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात देन्यूसे नावाच्या डॉक्टराने जस्ताचे दुहेरी भिंतींचे एक टब वर्णन करून छापले. दोन भिंतींच्या मध्ये गरम पाणी भरायचे आणि आत बाळ ठेवायचे. थोडक्यात आपला पाण्याचा बंबच, फक्त पोकळीत विस्तवाऐवजी मूल. त्यानंतर पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहातले डॉक्टर स्तेफान तार्निए यांची पाळी. त्यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि ती करणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून तशीच मोठी पेटी मुलांसाठी करवून घेतली. १८८०-८१ च्या सुमाराची ही गोष्ट. पेटीत खाली गरम पाणी, वर बाळ, आणि वाफ यायला ओला स्पंज. पुढे ती आणखी साधी झाली. पाण्याच्या बाटल्या भरून आत सरकवायच्या आणि ठराविक वेळाने बदलायच्या. तार्निए यांचे साहाय्यक ओव्हार यांनी १८८३ साली आकडे प्रसिद्ध केले: दोन किलोच्या आतली मुले पूर्वी शंभरात ६६ दगावत, पेटी आल्यावर ३८. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही; लाकडी खोके आणि गरम पाण्याच्या बाटल्या!

याच दशकात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकत होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियाला त्यांनी पदवी घेतली, आणि प्रबंधाला विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला होता व तो दहा दिवसांत गेला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. तो कशाने गेला याचे तर्क मी करणार नाही. पण एक पोर गेल्यावर बाई डॉक्टर व्हायला सातासमुद्रापलीकडे जाते आणि प्रबंध बाळंतपणावर लिहिते, यातले न लिहिलेले वाक्य मला वाचता येते.

पॅरिसमध्ये तार्निए यांच्यानंतर पिएर ब्युदँ आले. हा मोठा समंजस माणूस. मुलाला पेटीत ठेवले की आई बाजूला पडते, तिचे दूध आटते आणि काही दिवसांनी ती मुलाला विसरते, हे त्यांनी ओळखले. म्हणून आईला जवळ ठेवा, तिचे दूध द्या, असा त्यांचा आग्रह. ऊब, दूध आणि जंतूंपासून बचाव, या तीन गोष्टींत त्यांनी सगळे शास्त्र बसवले. मला विचाराल तर पुढच्या शंभर वर्षांत जग ब्युदँ यांना विसरून पुन्हा त्यांच्यापाशीच आले.

कारण मध्यंतरी एक विलक्षण तमाशा झाला. १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांमधली खरी मुले तिकीट लावून दाखवण्यात आली. गर्दी लोटली. त्या खेळाशी संबंधित मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने पुढे अमेरिकेत तोच धंदा मांडला. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी, पाळणे आणि खेळतमाशांच्या शेजारी, १९०३ पासून १९४३ पर्यंत त्याने अपुऱ्या दिवसांची मुले काचेआड ठेवली. बघणाऱ्यांनी पंचवीस सेंट द्यायचे. त्या पैशावर परिचारिका, दूध, सगळा खर्च भागे. मुलांच्या आईबापांकडून मात्र त्याने पै घेतली नाही. कूनी खरोखर डॉक्टर होता की नाही याविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत. पण ज्या मुलांना दवाखाने हात लावत नव्हते त्यांतली हजारो या जत्रेतल्या तंबूत जगली. त्याची स्वतःची मुलगीही १९०७ साली अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि जगली. या माणसाला भोंदू म्हणावे की संत, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कादंबरीकाराला अशी माणसे सोडवत नाहीत.

दवाखान्यांनी ही पेटी मनापासून स्वीकारली ती नंतर, आणि किती ऊब हवी हा वाद तरीही मिटला नव्हता. तो मिटवला न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या पेट्या सुमारे २९ अंशांवर, दुसऱ्याच्या सुमारे ३२ वर. पहिल्या गटात शंभरातली ६८ जगली, दुसऱ्यात ८३-८४. तीनच अंशांचा फरक! आपण दार लोटले काय आणि उघडे राहिले काय, तेवढाच.

आपल्या देशात ही सामग्री मोठ्या शहरांतच राहिली. जिल्ह्याच्या गावी ती आणण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न बंगालमधल्या पुरुलियाचा, २००३ सालचा. तिथे डॉ. अरुण सिंग यांच्या पुढाकाराने जिल्हा रुग्णालयात नवजात मुलांसाठी खास कक्ष उभा राहिला, आणि त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष झाले. भंडाऱ्यालाही झाला. वरून ऊब सोडणाऱ्या विजेच्या शेगड्या, खाली लहानशा काचेच्या कडा असलेले पाळणे. माझी मुलगी गेली तेव्हा पुरुलियाचा कक्षसुद्धा व्हायचा होता. हे समाधान म्हणून सांगत नाही. सालांचा क्रम म्हणून सांगते.

पण दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या मुलांचे काय? याचे उत्तर आमच्याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीत शोधले गेले, याचा झाडीपट्टीच्या माणसाला अभिमान वाटला पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ पासून गावोगावच्या नवजात मृत्यूंची नोंद घेतली आणि १९९५ पासून ३९ गावांत त्यावर काम सुरू केले. प्रत्येक गावातली एक थोडी शिकलेली बाई निवडून तिला आरोग्यदूत केले. तिच्या हाती तापमापक, वजनाचा झोळीकाटा, घड्याळ आणि बाळाला घालायची उबदार पिशवी. ती घरी जाऊन बाळ मोजी, तोली, तपासी. आईला ऊब आणि दूध यांची जोड समजावून देई. जंतुदोष दिसला तर शिकवलेले इंजेक्शनही देई. तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अहवाल १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापून आला. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, ती रीत या कामातूनच निघाली. २०११ पासून ती सरकारी योजना झाली आहे.

१९९९! म्हणजे माझ्या मुलीच्या आधी तीन वर्षे, आमच्या गावापासून काही तासांच्या वाटेवर, माझ्याइतक्याच शिकलेल्या बायकांना ठाऊक होते की बाळाचे पाय गार आणि पोट कोमट म्हणजे धोक्याची पहिली घंटा. तेव्हाच त्याला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरले तर वेळ गेलेली नसते. दोन्ही गार म्हणजे धोका मोठा. दुपारी माझ्या बाळाचे पोट कोमट होते, हे मी वर लिहिलेच आहे.

आणि मग ९ जानेवारी २०२१.

पुन्हा थंडीचेच दिवस. मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या त्या खास कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती. कक्षाचे दोन भाग: एकात त्याच रुग्णालयात जन्मलेली, दुसऱ्यात बाहेर जन्मून आणलेली. सात बाळांना बाहेर काढता आले. दहा गेली. तिघे भाजून, सात धुराने गुदमरून, असे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. चौकशीनंतर जे छापून आले ते असे की ठिणगी उडाली ती बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रापाशीच.

त्या दिवशी आमच्या गावात सकाळपासून कोणी मोठ्याने बोलले नाही. करोनामुळे शाळा बंदच होती. ज्या घरांतली ती दहा बाळे होती त्यांची नावे तेव्हा वृत्तपत्रांत आली. मी ती येथे लिहिणार नाही. पण ‘बाहेर जन्मून आणलेली’ हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणजे कुठल्या तरी गावातून, कोणत्या तरी गाडीत, कोणाच्या तरी मांडीवरून ती थंडीशी झगडत तिथवर पोचली होती. माझे पोचले नव्हते. ती पोचली, उबेत ठेवली गेली, आणि त्या उबेनेच...

बड्या बड्या लोकांच्या भेटी झाल्या, मदत जाहीर झाली, कारवाया झाल्या, तपासणीचे हुकूम सुटले. तरी १५ नोव्हेंबर २०२४ ला झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात मुलांच्या कक्षाला आग लागली आणि त्या रात्रीही दहाच बाळे गेली. प्राणवायू, वीज आणि दाटीने ठेवलेले पाळणे जिथे एकत्र, तिथे रात्रभर जागणारे माणूस आणि उघडणारे दार हवे, हे सांगायला समिती कशाला लागते? ज्या यंत्राच्या भरवशावर आई आपले मूल सोडून बाहेर बसते, त्या यंत्राच्या तारा वेळच्या वेळी तपासणे हे उपकार नव्हेत. तथापि यंत्र टाकून द्या असेही मी म्हणणार नाही. अगदी लहान, श्वास न घेणाऱ्या मुलाला त्याच्याशिवाय गत नाही.

त्याच २०२१ सालच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. तिची बातमी मात्र कुठे कोपऱ्यात आली असेल. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या बोगोता शहरात. १९७८ साली तिथल्या डॉ. एडगर रेय यांच्या दवाखान्यात पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-तीन मुले, जंतुदोषाचा कहर, आणि मुले टाकून जाणाऱ्या आया. त्यांनी ठरवले, पेटी नाही तर आईच पेटी. उघड्या छातीवर उभे बाळ, वरून कापड बांधलेले, टोपडे आणि लंगोट एवढाच पोशाख. कांगारू पिशवीत पिलू ठेवते तसे. प्रारंभी जगाने याला गरिबांचा उपाय म्हटले. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आजारी बाळांच्या शुश्रूषेत आयांना सामील करून घेतले आणि १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. तोही ब्युदँ यांच्याच वाटेवरचा विचार. तरीसुद्धा ‘मूल आधी पेटीत स्थिर होऊ द्या, मग आईकडे’ हा नियम बहुतेक ठिकाणी पक्का होता. त्यावरच जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत प्रयोग केला; त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली ३,२११ मुले. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे आधी पेटी. अर्ध्यांना जन्मताच आईची छाती, आणि आईसाठी त्याच कक्षात खाट. पहिल्या गटात २८ दिवसांत शंभरी १५.७ दगावली, दुसऱ्यात १२. फरक इतका स्पष्ट की देखरेख करणाऱ्यांनी प्रयोग मुदतीआधीच थांबवला. मुलांना आईपासून दूर ठेवून अधिक मोजणे त्यांना बरे वाटले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात संघटनेने जगाला तशी शिफारस केली. पहिली अंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलावी, अंगावरचा पांढरा थर चोळून काढू नये, बाळ लगेच कोरडे करून टोपडे घालावे, हेही तिचे सांगणे आहेच. आजीचे पाणी कितीही ऊन असो. गंगाळातून बाहेर काढल्यावरचा ओला क्षण ऊन नसतो.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या भावाच्या मुलीला आठव्या महिन्यात मुलगा झाला. सतराशे ग्रॅम. दवाखान्यात तिला दोन दिवस ताप होता, म्हणून नर्सबाई म्हणाल्या, ‘घरातलं कोणीही चालते, आत्याबाई. हात धुऊन या.’ आरामखुर्ची होती, पाठीला उशी होती. त्यांनी माझ्या छातीवर ते पोर बेडकासारखे मांड्या पसरून ठेवले, मान एका बाजूला वळवली, वरून कापड घट्ट बांधले. दर थोड्या वेळाने येऊन त्या त्याच्या पायाला आणि पोटाला हात लावून बघत. दोन तासांनी पाय कोमट झाले. मी हलले नाही. मला रडू आले म्हणून त्यांनी पाणी दिले आणि काही विचारले नाही.

माझी आई बाजूच्या बाकावर बसून बघत होती. ती ऐंशीच्या घरात आहे, कमी बोलते. बराच वेळ बघून म्हणाली,

“असंच धरलं होतं वं तुझ्या आजीनं.”

“केव्हा?”

“जीपमध्ये. चोळीच्या गाठी सोडल्या, लेकरू आत घेतलं, वरतून पदर. म्हणून तर तिकडं तोंड करून बसली, पुढं बाप्ये माणसं होते. दवाखान्यात सोडे ना तिला. डॉक्टरनं हात काढले तिचे.”

मी विचारले, मला कधी सांगितले का नाही?

“तूच तर बसली होती वं बाजूला,” आई म्हणाली.